न उघडलेला खोका

"माझो खेळ बदललो," लुईझा फर्नांडिस दारातच म्हणाल्या. "सगळे म्हणतत, सिद्धेशान बदलल्यान. तो पोरगो माझ्या घरात जेवता. माका खरा काय ता होया."

संचिता परुळेकरचं खासगी तपासाचं ऑफिस मालवणात, भरड नाक्यावर, शिंप्याच्या दुकानावर. सोबतीला भाई, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. माणूस बघताच ओळखतो असं भाईंना वाटायचं. वाटायला काही आधार नव्हता.

लुईझाबाईंचा नवरा डॉमिंगो बोटीवर होता. १९८६ साली त्यानं बारा वर्षांच्या आग्नेलसाठी जपानहून हातात मावणारा इलेक्ट्रॉनिक खेळ आणला. दोन बटणं, इवलासा पडदा. सातवी पास झाल्यावरच उघडायचा, असा बापाचा हुकूम. दुकानदारानं वेगळ्या पुडीत दिलेले सेलही तो बोटीवर परत घेऊन गेला. परीक्षेआधीच आग्नेल तापात गेला. पुढे डॉमिंगोही गेला. खोका मात्र कपाटात राहिला.

यंदा तो पुतण्या ब्रॅंडनच्या नजरेस पडला. न वापरलेल्या अशा खेळाला संग्राहक दीड लाख देतात, वापरलेल्याला जेमतेम चार हजार. फोटो काढायला खोका दोन दिवस सिद्धेशच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. मग पुण्याचा ग्राहक आला. पैसे देण्याआधी त्यानं वरचं सील अलगद सोडवलं. आत निघाला झिजलेल्या बटणांचा खेळ, सेल फुटून हिरवा पडलेला. ग्राहक आला तसा गेला.

सिद्धेशचं दुकान उघडं होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. समुद्रात पडलेला एक जुना फोन तो स्पिरिट आणि ब्रशनं पुसत होता. बोलता बोलता गंज निघून पट्ट्या लखलखल्या.

"आठ दिवस कोण फिरकाक नाय, ताई," तो मान वर न करता म्हणाला. "खोको मी उघडूकच नाय. बायको म्हणता, दुकान बंद करून दोडामार्गाक जाऊया."

"चिकटवायला काय वापरतोस?"

"डबल टेप. दुसरा काय?"

ब्रॅंडन चौकात भेटला. "पोलिसात देतलंय तेका. तेच्याशिवाय ह्यातला कोणाक कळता?"

"हे बाजारात तूच सांगितलंस?"

"चार लोकांत सांगितलंय. लपवू कित्याक?"

"हाच चोर," भाई नंतर कुजबुजले. "आवाज चढवणारो माणूस खोटो."

देवबागला लुईझाबाईंच्या घरी दुपारीच दिवा लावावा लागला, एवढं मळभ होतं. संचितानं खोका उलटा केला. वरच्या बाजूला डाग नव्हता. तळाच्या झाकणाची कड मात्र कसरीनं कुरतडलेली. कपाटात आग्नेलच्या वह्या होत्या, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या. कव्हरं दुमडून चिकटवली होती तिथेच कसर लागली होती.

"कव्हरां तोच घाली," लुईझाबाई म्हणाल्या. "डिंकाक पैशे कोण देता? टोपातली चार शितां घेय आनी चिकटवी."

शेजारी डॉमिंगोचा कॅलक्युलेटर होता. "तो बोटीवर गेल्यावर घराचो हिशेब मी हेच्यावर करी. खेळ आणलो त्याच साली बंद पडलो." संचितानं मागचं झाकण उघडलं. आतली सेलची जागा स्वच्छ आणि रिकामी होती.

"आग्नेल तब्येतीनं कसा होता?"

"बरो होतो. निस्तो खेळ घरात इल्यावर दोन म्हयने दर आयतवारी पोटात दुखा. चर्चात मिस्साक येय नसे. मी एकटीच जाय."

संचितानं दुसऱ्या दिवशी ब्रॅंडन आणि सिद्धेशला तिथेच बोलावलं.

"खेळ कोणी बदललाच नाही," ती म्हणाली. "सिद्धेशनं जुना खेळ नवा म्हणून ठेवला असता तर आधी पुसला असता. हिरवा गंज काढणं हा त्याचा रोजचा धंदा. फुटलेले सेल तो तसेच ठेवेल?"

"मग उघडल्यान कोणी?" ब्रॅंडननं विचारलं.

"वरून कोणीच नाही. तळाकडून. तळ शितांनी पुन्हा चिकटवला होता, म्हणून कसर तेवढ्याच कडेला लागली. दोन दिवसांत कसर लागत नाही, त्याला वर्षं जातात. सिद्धेश टेप वापरतो. शितं वापरणारा या घरात एकच होता."

भाई पुढे सरकले. "पण सेल? ते तर बापाशीन नेल्यान."

"कॅलक्युलेटरमधून. तो बिघडला नव्हता, त्यातले सेल काढले होते. ते आज या खेळात आहेत. घर रिकामं हवं म्हणून आग्नेलचं रविवारी पोट दुखायचं. आणि बटणं इतकी झिजलीत, म्हणजे तो पोटभर खेळला."

सिद्धेशनं डोळे पुसले. ब्रॅंडन खाली बघत होता.

"बाजारात बोललंस," लुईझाबाई त्याला म्हणाल्या, "तर बाजारातच जावन तेची माफी माग. आत्ता."

दोघे गेले. मग लुईझाबाईंनी तो हिरवा पडलेला खेळ मांडीवर घेतला. संचिताला तिथून उठून जावंसं वाटलं, पण ती बसून राहिली.

"तापात तेना ह्यो मागल्यान," त्या म्हणाल्या. "मी देवक नाय. म्हटलंय, उघडलो तर नवेपण जायत. चाळीस वर्सां जीव जळा माझो, झील न खेळताच गेलो म्हणान."

त्यांनी अंगठा बटणावर ठेवला.

"बरा झाला," त्या म्हणाल्या, "तेना माझा आयकूक नाय."