कोणी दिलं हे पुस्तक?

आमच्या वाचनालयात दाराशेजारी एक बुटकं कपाट आहे. त्यात फक्त पुरस्कार मिळालेली पुस्तकं असतात, तीही मी स्वतः वाचलेली. प्रत्येकात मी एक चिठ्ठी ठेवते: हे का वाचावं, दोन ओळींत. एकोणीस वर्षं ठेवतेय. जाडजूड पुस्तक बघून पळणाऱ्यांच्या हातात मी लघुकादंबरी देते आणि त्यांना वाचनाची चटक लावते. याचा मला गर्व आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

त्या हिवाळ्यात ठेवलेली कादंबरी एकशे चार पानांची होती. दोन भाऊ, वडिलांची होडी, ती विकायची की नाही. बस्स. अख्ख्या पुस्तकात एकही बाई नव्हती.

त्यामुळे कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनी पुस्तक परत करताना "ती खिडकीतली बाई कोण हो?" म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, त्यांनी भलतंच काही वाचलं.

"एकाहत्तराव्या पानावर. खिडकीशी खुर्चीत बसलीय. विचारते, कोणी दिलं हे पुस्तक?"

"कोणाला विचारते?"

"मला." वहिनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी पुस्तक मिटलं. परत उघडलं नाही."

मी एकाहत्तरावं पान काढून पाहिलं. धाकटा भाऊ होडीला डांबर फासत होता.

मग ते पुस्तक मास्तरांनी नेलं. मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. साठ वर्षांचं वाचन. आठवड्याने आले, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि कपाटांकडे न वळता उभेच राहिले.

"ताई, मला आता पेपरसुद्धा वाचता येत नाही."

"डोळे दाखवले का?"

"डोळे ठणठणीत आहेत. कुठलंही पान उघडलं की तीच. खुर्चीत. तोच प्रश्न. काल औषधाच्या खोक्यातल्या कागदावर होती."

"मग सांगून टाका ना, मी दिलं म्हणून."

मास्तरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पस्तीस वर्षं पोस्टात काढली. कोणाचा ठावठिकाणा कोणाला द्यायचा नाही, एवढं कळतं मला. वाचायचं राहिलं तर राहिलं."

त्यानंतरही ते रोज यायचे. पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवत एक चक्कर मारायचे आणि रिकाम्या हाताने जायचे. मला ते बघवेना.

वाचनालयाच्या अध्यक्षांच्या कानावर गेलंच. "काढून टाका ते पुस्तक," ते म्हणाले. "लोक बोलतायत."

"मी सुचवलेलं पुस्तक आजवर मागे घेतलेलं नाही," मी म्हटलं. "हेही घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दाराला कडी लावली. टेबलावर स्वच्छ ऊन होतं. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, तिसऱ्यांदा. सत्तरावं पान संपलं.

खिडकीशी खुर्चीत एक बाई बसली होती. तिने मान वळवली नाही. कोणी दिलं हे पुस्तक, तिने विचारलं.

टाइप तोच. शाई तीच. बोटांखालचा कागद मात्र ओलसर लागला.

भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला. माझ्या वाचकाला छळायचा हिला काय अधिकार?

मी मोठ्याने माझं नाव सांगितलं. घराचा पत्ताही सांगितला, कारण नुसतं नाव सांगणं मला पळपुटेपणाचं वाटलं.

"मी दिलं," मी म्हटलं. "उद्याही देईन. मास्तरांना सोड."

पुढची ओळ एकाच शब्दाची होती.

बरं.

त्याखाली धाकटा भाऊ होडीला डांबर फासत होता.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी पेपर शेवटपर्यंत वाचला, अगदी जाहिरातींसकट. मग तीच कादंबरी मागितली. "अर्धवट सोडायची सवय नाही मला."

दोन दिवसांनी परत घेऊन आले. चेहरा उजळला होता.

"चांगली निवड. शेवट तर फारच."

"आणि ती?"

"नाही आता. खिडकी आहे, खुर्ची आहे. रिकामी." त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "गरम होती अजून."

"असं लिहिलंय?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मी हात लावून पाहिला."