आईंच्या मुठीतला दगड

नेरूळचा फ्लॅट घेताना सुनीतीला सगळ्यात जास्त आवडली होती ती हॉलची खिडकी. तिसरा मजला, वर थेट गच्ची. खिडकीतून खाडी दिसायची, म्हणजे तिवरांचा हिरवा पट्टा दिसायचा आणि ओहोटीला वास यायचा, पण गिरगावातल्या दीड खोलीतून आलेल्या माणसाला तेवढंही खूप. नेमकी त्याच खिडकीपाशी सासूबाईंनी, बाळाबाईंनी, आपली प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि आल्या दिवशीच जाहीर केलं, "गो सुनीती, हे घर डोलतंय."

"डोलत नाही हो आई. नवीन आहे, म्हणून वाटतंय तसं."

"माझे पाय टेकत नाहीत गो. मी टेकवते, पण ते टेकत नाहीत."

बाईंचा सगळा जन्म देवरुखजवळच्या वाडीत, सारवलेल्या अंगणात अनवाणी गेलेला. सासरे गेल्यावर सुनीतीच्या नवऱ्याने, दिलीपने, त्यांना इकडे आणलं, कारण एकटीला तिकडे ठेवणार कसं? डॉक्टर झाले, कानाचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. सगळे म्हणाले, काही नाही, वय आहे. बाळाबाईंचं मागणं मात्र एकच होतं. "एकदा मला आपल्या अंगणात नेऊन उभी कर. मग मी काही म्हणायची नाही."

आता यात सुनीती दुष्ट होती असं कुणी म्हणू नये. वाशीच्या एका बँकेत ती काउंटरला होती, ऑफिसरच्या परीक्षेला बसली होती. मुलीची, क्षिप्राची, बारावी. रजा म्हणजे काय झाडाला लागतात? "दिवाळीत जाऊ आई," ती म्हणाली. दिवाळीत म्हणाली, "मेमध्ये नक्की." मेमध्ये क्षिप्राला परीक्षेनंतर बदल हवा म्हणून तिघं उटीला जाऊन आली आणि बाळाबाईंपाशी नणंदेला आणून ठेवलं. ही उटी पुढे सुनीतीच्या घशात जन्मभर अडकून राहिली.

उटीहून आल्यावर बाळाबाईंचं वाढलंच. त्या बँकेत फोन करायच्या. "सुनीती, आत्ता हललं बघ." काउंटरला ही रांग, साहेबांच्या कपाळाला ही आठी. "आई, ठेवा फोन," ती दात आवळून म्हणायची आणि मागे वळून सगळ्यांकडे बघून उगाच हसायची.

त्या वर्षी सीवूड्सपासून वाशीपर्यंत घरोघरी रेकीचं खूळ होतं. बँकेतल्या मैत्रिणीने सुनीतीला गीतांजली मॅडमकडे नेलं. मॅडमच्या हॉलमध्ये मखमलीवर दगड मांडलेले. त्यातला एक त्यांनी उचलला. काळा, बोटाएवढा लांब, अंगावर उभ्या रेषा. टूरमलीन म्हणतात याला, त्या म्हणाल्या.

"फ्रिजला अर्थिंग नसलं की शॉक बसतो ना? माणसाचंही तसंच. डोक्यात जे गरगरतं, ते खाली जायला वाट लागते. हा ती वाट देतो. सकाळी पाय फरशीला लावून बसवायचं, डाव्या हातात द्यायचा. चहा निवेपर्यंत, बस्स. मग काढून घ्यायचा, वाहत्या पाण्याखाली धुवायचा आणि मातीत ठेवायचा."

"आणि दिवसभर राहिला हातात तर?"

मॅडमनी दगड तिच्या हातात ठेवला. "विसरू नका," त्या म्हणाल्या. "त्याला थांबायचं कळत नाही. आपण थांबवायचं असतं."

दिलीप आधी हसला. तो तुर्भ्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला, सगळं मोजून मापून बघणारा. "माझ्या आईचं अर्थिंग करतेस होय? कर बाई." पण पहिल्याच सकाळी बाळाबाईंनी दगड मुठीत घेतला, डोळे मिटले आणि कितीतरी महिन्यांनी शांत स्वरात म्हणाल्या, "हं. टेकले."

सुनीतीने दगड काढून घेतला, नळाखाली धुतला, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत ठेवला. आठवडाभर असं अगदी नेमाने चाललं. पण दगड काढला की दुपारी पुन्हा डोलणं, पुन्हा फोन. मग एक दिवस परीक्षेच्या गडबडीत दगड आईंच्या हातातच राहिला आणि त्या दिवशी फोन आला नाही. संध्याकाळी घर कसं गार, निवांत. बाळाबाई खिडकीशी बसलेल्या, पाय जुळवून, मूठ मिटून.

दुसऱ्या दिवशी सुनीती विसरली नाही. तिने दगड मुद्दामच ठेवला.

महिन्याभरात बाळाबाईंचं बोलणं अगदी कमी झालं. गावाचं नाव नाही. जेवण दिलं की जेवायच्या, उजव्या हाताने. डावी मूठ मांडीवर. क्षिप्राने एकदा विचारलं, "आई, आजी बोलत का नाही गं?"

"शांत झाल्यात त्या. बरं आहे ना?"

क्षिप्राने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि सुनीतीने नजर चुकवली. बरं होतंच. सुनीती परीक्षा पास झाली होती, पेढे वाटले होते. एक पेढा आईंच्या तोंडात घातला, तेव्हा त्यांचे डोळे तिच्याकडे वळले. त्या डोळ्यांत राग असता तर चाललं असतं. तिथे नुसती वाट बघणं होतं.

मग केरवाली कुरकुरायला लागली, "भाभी, आजींची खुर्ची सरकत नाय." सुनीतीने स्वतः लावून बघितलं. काठीसारखी म्हातारी, पण खुर्ची जागची हलेना. खुर्चीचे पाय बाहेर फाकले होते. आणि लादी पुसताना पाणी बाळाबाईंच्या पावलांभोवती गोळा व्हायचं. त्या रात्री आई निजायला उठल्या तेव्हा सुनीतीने वाकून पाहिलं. लादीत दोन खळगे होते, बशीएवढे उथळ. उजव्यात अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला स्पष्ट दिसत होता. बाळाबाईंचा अंगठा तसाच होता, लहानपणी मोडलेला.

तिने खळग्यांवर पायपुसणं टाकलं. दगड काढून घ्यायचा, अगदी उद्याच, असं तिने स्वतःला बजावलं. पण मूठ आता उघडतच नव्हती आणि खरं सांगायचं तर तिने फार जोर लावलाही नाही.

श्रावणात बाळाबाई खुर्चीतच गेल्या. दुपारी, कुणी घरात नसताना.

तिरडी उचलताना जे झालं ते बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी पाहिलं, पण नंतर त्याबद्दल कुणी बोललं नाही. चौघांना उचलेना. मग दुसऱ्या मजल्यावरचे श्यामसुंदर काका लागले, तळमजल्यावरचा हरेश लागला, तरी जिन्यात प्रत्येक वळणावर टेकवावी लागली. "एवढीशी म्हातारी!" हरेश धापा टाकत म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मूठ मिटलेलीच होती. अस्थी गोळा करताना दिलीपने राख चाळून पाहिली, सुनीतीनेच सांगितलं होतं. दगड नव्हता.

तेरावं झालं, पाहुणे गेले. सुनीतीने पायपुसणं उचललं. खाली लादी सपाट, गुळगुळीत. तिने हात फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला, आणि तिथेच बसून ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. संपलं, असं तिला वाटलं.

दोनेक आठवड्यांनी श्यामसुंदर काका वर आले. रिटायर्ड माणूस, तक्रारीत रमणारा. "तुमच्याकडून गळतंय का काही? आमच्या खिडकीपाशी लादी खचलीय. पाणी साठतं."

ती खाली जाऊन आली. खिडकी तीच, फक्त एक मजला खाली. दोन खळगे. उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर.

"भरावाची जमीन आहे," दिलीप जेवताना म्हणाला. "अख्खी बिल्डिंग बसतेय. एक लादी वर सपाट होते, एक खाली खचते. त्यात काय?"

"अहो, तुम्ही बघून तरी या."

"बघितलं मी," तो ताटाकडे बघत म्हणाला.

गणपतीनंतर काकांची लादी आपोआप सरळ झाली. ते खूश. सुनीती मात्र त्या दिवसापासून पहिल्या मजल्यावर आली की पाय उचलायची. तिथला फ्लॅट बंद असायचा, मालक मस्कतला. किल्ली सेक्रेटरीकडे होती, मागितली असती तर मिळाली असती. ऑफिसर झाल्यापासून घरी यायला उशीर होतो, उद्या मागू, रविवारी मागू. एका संध्याकाळी बंद दारामागून प्लास्टिकची खुर्ची करकरल्यासारखी वाटली. कुणीतरी बसल्या जागी जरासं वळावं, तशी. सुनीती पिशवी छातीशी धरून वर पळाली. घरात शिरल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. जिवंतपणीही तिने आईंना असंच उद्यावर टाकलं होतं.

दिवाळीच्या तोंडाशी हरेशच्या बायकोने, रंजिताने, तिला जिन्यात अडवलं. ही माणसं इथलीच, दारावे गावची. तळमजल्याचा फ्लॅट त्यांचा.

"ताई, जरा घरात ये ना. एक दाखवायचं हाय."

सुनीतीला दाखवायची गरजच नव्हती. तरी ती गेली. खिडकीपाशी खळगे होते, पण बशीएवढे नव्हते. पाऊल घोट्यापर्यंत जाईल इतके खोल होते, आणि तळाशी ओल चमकत होती.

"रोज खाली जातंय," रंजिता हळू आवाजात म्हणाली. "मी दिवा लावते, हळदकुंकू व्हाते. तुझ्या सासूचे पाय हायेत ना हे? मी वळखले. गेल्या दिवाळीत पाया पडले तवा नीट बघितलेले."

सुनीतीने मान हलवली.

"मंग ने त्यांना. या फरशीखाली आमचं मिठागर हाय, ताई. वरून मुरूम टाकलाय, पन खाली चिखल हाय तो हायच. आमच्या सासऱ्यांची होडी गेली त्यात, अख्खी. चिखलात गेलेलं वर येत नाय."

"कशी नेऊ गं?" सुनीती म्हणाली. "त्या जिवंत असताना मी नेलं नाही त्यांना."

रंजिता आतल्या खोलीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती.

सुनीतीने चपला काढल्या.

"आई," ती म्हणाली, "चुकलं माझं. दगड मी मुद्दाम ठेवला. तुम्ही गप्प राहावं म्हणून ठेवला."

खोलीत काही हललं नाही.

"चला आता. उद्याच जाऊ गावी. तुमचे टेकत नसतील तर माझे पाय घ्या. माझ्या पायांनी चला."

तिने एक पाऊल खळग्यात ठेवलं. मग दुसरं.

ओल गार होती. मग ती गार राहिली नाही.

खांद्यांपासून खाली काहीतरी उतरत गेलं, कमरेत, गुडघ्यांत, टाचांत. डावा हात आपसूक मिटला.

पाय उचलताना तिला खिडकीचे गज धरावे लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दिलीपने मारुती काढली. त्याने तिची मिटलेली डावी मूठ पाहिली आणि दार स्वतः उघडून दिलं. गाडी तिच्या बाजूला कलली होती. महाडला टायरवाल्याने हवा तपासली आणि म्हणाला, "हवा बरोबर आहे साहेब. सामान काय भरलंय मागे?" मागे काहीच नव्हतं.

वाडीत पोचले तेव्हा उन्हं कलायला आली होती. घर सांभाळणाऱ्या सितारामला फोनवर निरोप होता, म्हणून त्याच्या बायकोने अंगण नुकतंच सारवून घेतलेलं.

"वहिनी, ओलं आहे हो! कडेकडेने या," सिताराम बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, उभा राहून ओरडला.

सुनीतीला कडेने जाता येईना. तिचे पाय तिला सरळ मधून, तुळशीपाशी घेऊन गेले. तिथे ती उभी राहिली.

आधी पाय सैल झाले. मग कंबर. मग मूठ उघडली. हातात काही नव्हतं, फक्त तळव्यावर उभ्या रेषा उमटल्या होत्या.

"टेकले का, आई?" तिने विचारलं. वारा नव्हता, तरी तुळशीची एक फांदी हलली. सुनीतीला इतकं हलकं वाटलं की हसू आलं आणि रडूही.

ती मागे वळली आणि अंगण ओलांडून बेड्यापाशी आली. दिलीप तिच्या पायांकडे बघत नव्हता. तिच्या मागे बघत होता.

सारवणात तुळशीपर्यंत गेलेली पावलं खोल उमटली होती. प्रत्येक उजव्या पावलात अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला. तुळशीपाशी ती थांबली होती. परत आलेली पावलं मात्र कुठेच नव्हती.

"सुकलं वाटतं इकडचं," सिताराम म्हणाला.

सुनीतीने दिलीपचा दंड घट्ट धरला. "अहो," ती हळूच म्हणाली, "इथे जरा डोलतंय का?"

सिताराम खाली वाकला. ती जिथून आत्ता चालत आली तिथे त्याने बोट टेकवलं. बोट सहज ओल्या सारवणात गेलं. त्याने ते वर काढलं, क्षणभर पाहिलं आणि धोतराला पुसलं.