तेवीस नंबरातल्या टाळ्या

एकोणीसशे एक्क्याऐंशी साली आम्ही त्या वसाहतीत राहायला गेलो. घराचा नंबर तेवीस.

वसाहत बांधली होती करमणुकीचे कार्यक्रम काढणाऱ्या एका कंपनीने, त्यामुळे सगळं देखाव्यासारखं. रस्ते मुद्दाम वळणावळणाचे, प्रत्येक घराला पिवळं दार आणि पुढे झोपाळा. पडदे कुठल्या रंगाचे लावायचे, याचं छापील पुस्तक मिळालं होतं. दिव्यांच्या खांबांत बसवलेल्या कर्ण्यांतून सकाळ-संध्याकाळ गाणी वाजत. सासूबाई म्हणाल्या, "घर छान आहे गं, पण कचरा टाकायला जातानाही पावडर लावावीशी वाटते."

आमचे हे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रण करत. यांच्याकडे टाळ्या होत्या. खरंच, कपाटभर टाळ्यांच्या फिती. शाळकरी मुलांच्या, कंटाळलेल्या पाहुण्यांच्या, पावसात भिजून आलेल्यांच्या. कार्यक्रमात जिथे कमी पडतील तिथे हे त्या जोडत. नुसतं ऐकून सांगत, "ही खालच्या कप्प्यातली. तिसऱ्या सेकंदाला एकजण खोकतो बघ."

आमची छकुली सहा वर्षांची. घरात कुजबुजायची, पण बाहेरच्या माणसापुढे ओठ शिवल्यासारखी गप्प. शाळेच्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सुटीपर्यंत बोलली नाही, तर आम्हाला ठेवता येणार नाही. तिच्यासारख्या मुलांची वसतिगृहाची शाळा आहे, तिकडे पाठवा." ती शाळा एका दिवसाच्या प्रवासावर होती.

अशातच एका दुपारी सासूबाईंनी चष्म्याशिवाय, पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला आणि टाळ्या वाजल्या. थोड्याच, पण अगदी जवळून आणि कौतुकाच्या.

"खांबात काहीतरी बिघडलंय," मी म्हटलं.

"बिघडू दे. या वयात माझ्यासाठी कोण वाजवतंय?" म्हणत सासूबाईंनी स्वतःही वाजवून घेतल्या. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडलेली होती, त्यामुळे टाळी पोकळ वाजायची.

मग उतू जाणारं दूध मी वेळेवर उतरवलं, तेव्हा वाजल्या. छकुलीने बुटाची नाडी स्वतः बांधली, तेव्हाही. घरात मजाच सुरू झाली. सासूबाई मुद्दाम एका हाताने चादरीची घडी घालून वर बघायच्या.

"एवढ्याला नाही वाजवत ते," छकुली कुजबुजायची. "आजी उगाच करते, ते त्यांना कळतं."

ते कोण, हे मी विचारलं नाही.

एका रविवारी यांनी आमच्या दारातल्या खांबाची तारच तोडली. त्याच दुपारी छकुलीने पत्त्यांचा चार मजली बंगला उभा केला आणि नेहमीपेक्षा जोरात टाळ्या झाल्या. हे डोळे मिटून बसले होते.

"आमच्या कपाटातली एकही नाही," ते म्हणाले. "चाळीस माणसं आहेत. कुणी खोकत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "श्वासही घेत नाहीत."

"म्हणजे शिस्तीचे आहेत," सासूबाई म्हणाल्या.

सुटीला आठ दिवस उरले, तेव्हा सासूबाईंनीच मोठ्या बाईंना चहाला बोलावलं. बाई पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत ताठ बसल्या. मी चहा ठेवला.

"काय गं, नाव काय तुझं?"

छकुली गप्प.

छकुली बाईंकडे बघतच नव्हती. त्यांच्या डोक्याच्या वर, भिंत आणि छत मिळतात तिथे बघत होती. हसत होती. कुणीतरी 'हं, बोल' म्हटल्यासारखी तिने मान हलवली.

"बाई, तुमच्या चहात मुंगी आहे."

स्पष्ट. खणखणीत.

टाळ्यांनी घर दणाणलं. कपाटातले पेले किणकिणले. बाई कपबशी धरून उभ्याच राहिल्या.

"किती माणसं आहेत तुमच्याकडे?"

"चौघंच," सासूबाई म्हणाल्या. "पण हौशी आहोत."

बाईंनी बोटाने मुंगी काढली, चहा एका घोटात संपवला, "ठेवते हो तिला शाळेत," म्हणाल्या आणि माझ्या चपला घालून गेल्या.

त्या दिवसापासून छकुली जी बोलत सुटली, ती झोपेतही थांबेना. मी आनंदाने सगळ्या गल्लीला शिरा खिलवला.

वर्षभराने एका सकाळी सासूबाई झोपाळ्यावर मटार सोलत होत्या. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. त्यात एक नवा आवाज होता. खट्, खट्, खट्. नाट्यगृहात माणूस उठलं की त्याची खुर्ची आपोआप मिटते, तसा.

"उभे राहिलेत सगळे," हे म्हणाले. चेहरा उतरला होता.

सासूबाई लाजल्या. "अगंबाई, मटारच तर सोलले!"

जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत.

महिन्याभराने छकुलीने सातचा पाढा बिनचूक म्हटला. टाळ्या झाल्या. त्यांत एक टाळी पोकळ होती.

"एकेचाळीस," हे म्हणाले. आम्ही दोघं रडत रडत हसलो.

पुढे कंपनी बुडाली. खांब उपटले गेले, दारं ज्याने त्याने हवी तशी रंगवली. मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि शेवटपर्यंत कुठेही गेल्या, तरी आधी कपात डोकावत. छकुली रेडिओवर बातम्या वाचते. माईकपुढे बसली की आधी भिंत आणि छत मिळतात तिथे बघते म्हणे. हे सहा वर्षांपूर्वी गेले. त्या सकाळी खट् खट् ऐकून म्हणाले, "अगं, ध्वनिमुद्रण सुरू कर!" आता त्यांची टाळी सगळ्यांच्या किंचित मागून सुरू होते. आधी इतरांची नीट ऐकून घ्यायची सवय.

मी अजून तेवीस नंबरातच. आज सकाळी पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. टाळ्या झाल्या, थांबेनात, आणि मग खट्, खट्, खट्.

"बसा हो, बसा," मी म्हटलं. "छकुली रविवारी यायचीय."

बसले. एकेक खुर्ची उघडल्याचा आवाज मी यांच्यासारखा मोजला. बेचाळीस.

मग आणखी एक. मिटलेली खुर्ची कुणीतरी हाताने उघडली आणि तशीच धरून ठेवली.

सोडली असती, तर खट् झालं असतं. अजून झालेलं नाही.