हातवळण

कापडाच्या साध्या यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो. आवाज एवढा असतो की स्वतःच्या छातीतले ठोकेसुद्धा मागाचेच वाटतात.

*

तापानं सुकलेल्या बाळाची शीर डोळ्यांना दिसत नाही. ती बोटाला लागावी लागते.

*

मिरजेतल्या एका रुग्णालयातून रूथ वाघमारे नावाच्या सिस्टर निवृत्त झाल्या. शाल घेतली, नारळ घेतला आणि हात मागं ठेवून घरी गेल्या.

*

बारावीच्या निकालाच्या दिवशी इचलकरंजीतल्या एका घरात पेढे आले नाहीत, जिलेबी आली. थोरल्या भावाला पेढे आवडत नाहीत.

*

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता एका मुलीनं सुरी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. का घेतली, ते तिला कळलं नाही.

*

ती मुलगी कस्तुरी बुगड. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. सकाळी वॉर्डात काम करायचं, दुपारी कॉलेजात बसायचं आणि संध्याकाळी घरी फोन लावायचा, असा तिचा दिवस.

त्या सकाळी वॉर्डात एक बाळ आणलं होतं. रडायचं त्राणसुद्धा उरलं नव्हतं त्याला. डॉक्टर म्हणाले, "सलाइन लावा, लवकर." कस्तुरीनं वळणमोजे चढवले. सायीसारखे पातळ, कोपरापर्यंत येणारे. तिचा अंगठा बाळाच्या मनगटावरून सरकला, एका जागी थबकला आणि सुई आत गेली. बाळ जरा कण्हलं, एवढंच.

"लई हलका हात आहे हो सिस्टर तुमचा," बाळाची आई डोळे पुसत म्हणाली.

कस्तुरी हसली. हात तिचा नव्हता.

रूथ सिस्टरांनी निवृत्तीआधीचं अख्खं वर्ष असलेच मोजे घालून काम केलं होतं. सुई कोणत्या कोनातून शिरते, पट्टीला कितपत ताण द्यायचा, घाबरलेल्या माणसाला कुठं धरलं की तो शांत होतो, हे सगळं स्नायूंच्या हालचालींतून नोंदलं गेलं. या नोंदीला नाव पडलं 'हातवळण'. आता नव्या मुलींच्या मोज्यांत तेच वळण सोडत. मोज्यांतून बारीक विद्युत्स्पंद निघत आणि मुलीचा हात रूथ सिस्टरांच्या हातासारखा चाले. पूर्वी शिकता शिकता वर्षं जायची, ते काम मुली पहिल्या वर्षीच करू लागल्या. म्हणून तर त्यांना वॉर्डात नोकरी मिळे आणि त्या पगारातून फी भागे. वडील नसलेल्या कस्तुरीसाठी कॉलेजचं दार उघडलं ते या मोज्यांनीच.

वर्षअखेर एकच गोष्ट उरे. नियमात तिला 'स्थिरीकरण' म्हणत, मुली 'पक्कं करणं' म्हणत. मोजे वापरून वापरून मेंदूत पाऊलवाट पडलेली असे. डोक्याभोवती चुंबकीय वेटोळं बसवून त्या पाऊलवाटेचा रस्ता करायचा. मग मोज्यांची गरज नाही, हात कायमचे तयार. हातांची जुनी वाट मात्र बुजते. नियमात हेही लिहिलं होतं, बारीक अक्षरात नव्हे, चांगल्या ठळक अक्षरात.

"काय गं, माझी चादर कुणी घातली?" खोलीत शिरता शिरता अल्फियानं विचारलं. अल्फिया मुल्ला शिराळ्याची, कस्तुरीची खोलीमैत्रीण.

"मी."

"तू? कोपरे बघ, पाकिटासारखे दुमडलेत. ही तुझी रूथआजी येऊन गेली."

"मोजे तर काढून ठेवलेत मी."

"मग बिनमोज्यांची आली." अल्फिया धपकन चादरीवर बसली. "सोमवारी पक्कं करून घेतीयेस ना? मी तर आधीच नाव दिलंय. माझे हात काय मोठे कलाकार होते? घरात कपबशी फुटली की अम्मी मान वर न करता माझं नाव घ्यायची."

कस्तुरीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "दादा हल्ली फोनवर माझ्याकडं बघत नाही."

"बघत नाही म्हणजे?"

"म्हणजे ऐकत नाही."

अल्फियाला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग तिनं चादरीचा एक कोपरा उगाचच विस्कटला.

*

कस्तुरीचा भाऊ प्रथमेश जन्मापासून बहिरा. वडील मागावर कामाला होते. शेडमधल्या आवाजात सगळेच बहिरे असत, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. वडिलांनी त्या खुणा घरी आणल्या. सूत गुंडाळलेली कांडी संपल्याची खूण म्हणजे भूक लागली. धागा तुटल्याची खूण म्हणजे मन दुखावलं. पुढं साधे माग भंगारात गेले, वडीलही गेले, खुणा तेवढ्या घरात राहिल्या आणि वाढल्या. शाळेत शिकवलेली खुणांची भाषा प्रथमेशला येत होती. समोरच्याचं बोलणं फोनवर अक्षरांत उमटे, तेही तो भराभर वाचे. पण त्या भाषांमधून त्याला लहानपणी कुणी चिडवलं नव्हतं. घरची भाषा येणारी माणसं जगात आता तीन होती. त्यांतली कस्तुरी डावखुरी. तिचा डावा हात बोलायचा आणि उजवा मान डोलवायचा.

*

सुट्टीच्या दिवशी ती इचलकरंजीला गेली.

"आलीस व्हय?" आई तव्यापासून न उठता म्हणाली. "हात धू. का ते बी रूथबाईच धुणार?"

प्रथमेशनं जिलेबी आणली होती. जेवायला बसल्यावर कस्तुरी त्याला हातांनी बाळाची गोष्ट सांगू लागली. बाळ कसं निपचित पडलं होतं, शीर कशी सापडली. निम्म्यावर आली तोच त्यानं तळहात वर केला. थांब.

मग त्यानं तिची नक्कल केली. दोन्ही हात छातीशी, बोटं जुळवलेली, छोट्या छोट्या खुणा. प्रत्येक वाक्य संपलं की न दिसणारी चादर सारखी करायची. 'औषध घ्या. पडून राहा. उद्या बघू.' आई भाकरी हातात धरून हसली. कस्तुरीही हसली. तो हसला नाही.

'ही बाई कोण?' त्यानं हातांनी विचारलं.

'मीच.'

'तू हात फेकून बोलतेस. भांडताना माझ्या नाकाला लागतात. हिचे हात भिंतीलासुद्धा जपतात.' त्यानं तिची बोटं निरखून पाहिली. 'बाई चांगली आहे. पण दमलीय. उजवा अंगठा दुखतो तिचा.'

कस्तुरीनं आपल्या उजव्या अंगठ्याकडं पाहिलं. तो दुखत नव्हता. पण बाकीच्या बोटांच्या आड लपून बसला होता, दुखऱ्या माणसासारखा.

असं काही नाही रे दादा, असं तिला म्हणायचं होतं. 'दादा' म्हणायचं तर घरात एकच खूण होती. डाव्या हाताची दोन बोटं हनुवटीखाली टेकवायची. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन गेला असताना मागात इकडून तिकडं धावणारा लाकडी धोटा उडून प्रथमेशला तिथं लागला होता. व्रण अजून होता. तेच त्याचं नाव.

तिचा डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि ताटाच्या कडेशी येऊन थांबला. पुढं काय करायचं ते त्याला आठवेना. तेवढ्यात उजवा हात पुढं झाला, प्रथमेशच्या मनगटावर गेला आणि दोन बोटं बरोबर नाडीवर टेकली.

प्रथमेशनं त्या हाताकडं पाहिलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. त्यानं तो हात अलगद उचलून तिच्या मांडीवर परत ठेवला आणि धागा तुटल्याची खूण केली.

भांडी घासताना आई म्हणाली, "हात कुणाचं का असंनात पोरी, पोटाला लावणारं असू देत. तुझ्या बाला बी मागानं सवयी लावल्याच की. झोपंतसुद्धा बोटं हलायची त्याची." तिनं ताट विसळून पालथं घातलं. "पर माझी बोटं आता आखडायला लागलीत. माझ्या माघारी त्याच्याशी भांडणार कोण?"

*

सोमवारी कस्तुरी प्रशिक्षण पाहणाऱ्या शिंदे मॅडमकडं गेली.

"मॅडम, रूथ सिस्टरांचा अंगठा दुखायचा का?"

मॅडमनी चष्मा काढला. "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या भावानं. माझे हात बघून."

"संधिवात होता त्यांना. नोंद साफ करताना आम्ही तो गाळला. निदान तसं आम्हाला वाटलं." त्या चष्म्याच्या काचा पुसू लागल्या. "निवृत्तीनंतर एकदा आल्या होत्या. वॉर्डाच्या दारात उभ्या होत्या. आत सगळ्या मुली त्यांच्याच हातांनी चादरी घालत होत्या. मला वाटलं, खूश होतील. म्हणाल्या, 'माझे दोनच होते तेव्हा बरं होतं.' परत काही आल्या नाहीत."

"एक हात माझा राहू देता येईल?"

"वळण दोन्ही हातांचं मिळून असतं, कस्तुरी."

"आणि पक्कं केलंच नाही तर?"

"मोजे परत द्यायचे. वळण हळूहळू पुसट होईल, तुझे हात बहुतेक परत येतील. पण तू साध्या तुकडीत जाशील, पहिल्यापासून. वॉर्डातलं काम बंद. म्हणजे मग..." त्यांनी चष्मा परत चढवला. "माझा आग्रह नाही. फक्त ते बाळ आठव. त्याची शीर तुझ्या हातांना सापडली नसती."

ते खरं होतं. अवघड होतं ते यामुळेच. कस्तुरी तशीच स्थिरीकरणाच्या खोलीकडं गेली.

*

खोलीला एका बाजूनं काच होती. खुर्ची दंतवैद्याकडं असते तशी. डोक्याभोवती वेटोळं बसवून तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, हात समोरच्या फळीवर पालथे ठेवा. हात हलत असले तर यंत्र चालू होत नाही. टेकले, की मी बटण दाबणार."

काचेपलीकडं मुलींची रांग होती. पहिलीच अल्फिया. आणि तिच्या मागं, घरी काही न सांगता कामावर रजा टाकून मिरजेला आलेला प्रथमेश.

तो पुढं आला. जाऊ नको म्हणाला नाही, कर म्हणाला नाही. जिलेबीचा पुडा वर धरून त्यानं मोकळ्या हातानं विचारलं, 'कांडी संपली?'

भुकेचा हा रोजचा प्रश्न होता. लहानपणापासून शाळेतून आल्यावर, भांडण झाल्यावर, वडील गेले त्या आठवड्यातही त्यानं हाच प्रश्न विचारला होता. उत्तर ठरलेलं असे. आधी त्याचं नाव, मग 'हो'.

कस्तुरीचा डावा हात फळीवरून उठला. चालायला शिकणाऱ्या पोरासारखा लटपटत होता. छातीपर्यंत आला आणि अडला. लगेच उजवा हात हलला. त्यानं डाव्या हाताला वरून धरलं, हळूच, घाबरलेल्या रोग्याला रूथ सिस्टर धरायच्या तसं, आणि तो त्याला शांतपणे खाली दाबू लागला. त्या धरण्यात माया होती. तिला ती कळत होती.

"ताई, हात खाली," तंत्रज्ञ म्हणाला.

प्रथमेश काचेला नाक लावून उभा होता. स्वतःच्या हनुवटीकडं बोट दाखवून तो तिला मदत करू शकला असता. त्यानं केली नाही. तो फक्त बघत होता, म्हणजे ऐकत होता.

डावा हात उजव्याच्या पकडीतून एक बोट सोडवून घेत होता. मग दुसरं. तिथून हनुवटीपर्यंत वीतभरच अंतर. ते कापायला त्या हाताला किती वेळ लागणार होता, आणि तोवर बाहेरची रांग, तंत्रज्ञाचं बोट, तिचं पुढचं अख्खं आयुष्य थांबून राहणार होतं का?

*

प्रथमेशचं ते नाव कस्तुरीनंच ठेवलं होतं, धोटा लागला त्याच संध्याकाळी. तोंडानं बोलायला ती त्यानंतर शिकली.