मागच्या हॉलमधला सराव तास

माझी मावशी खोटं बोलत नाही. चांगुलपणामुळे नव्हे, तिला तेवढी कल्पनाशक्तीच नाही. म्हणून तिने हे सांगितलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं नाही.

आणि असल्या गोष्टीला रात्र लागते, असं वाटत असेल तर तेही विसरा. हे घडलं भर दुपारी. जेवणाच्या सुट्टीत. एका विद्यापीठाच्या इमारतीत, जिथे हाकेच्या अंतरावर माणसं डबे उघडून बसली होती.

मावशीचं काम म्हणजे नव्या अर्धवेळ प्राध्यापकांना शिकवायला शिकवणं. टर्म सुरू व्हायच्या आधी ती त्यांना तयार करायची. फळ्याशी बोलू नका, घड्याळाकडे बघू नका, पहिल्याच दिवशी विनोद करू नका, वगैरे. शेवटी प्रत्येकाचा सराव तास. बाकीचे विद्यार्थी बनून बसायचे आणि मावशी मागे उभी राहून चिरफाड करायची. ती 'तयार' म्हणाली तर सोमवारपासून वर्ग मिळायचा. नाहीतर घरी.

ती नाकावर माशी बसू द्यायची नाही. नवे लोक तिला टरकून असायचे.

त्या वर्षी विभागप्रमुखांनी हात झटकले. म्हणाले, "अर्धवेळवाल्यांना मागचा हॉल द्या. त्यांना काय, कुठेही चालतं."

मागचा हॉल कायमचे प्राध्यापक वापरत नसत. का, ते कुणी सांगत नव्हतं. मावशीनेही विचारलं नाही. तिला अपमान तेवढा झोंबला.

हॉल पायऱ्यापायऱ्यांचा होता. खुर्च्या घडीच्या. माणूस बसला की बैठक खटकन खाली जायची, उठला की तशीच वर.

एवढं लक्षात ठेवा.

नव्या लोकांत एक बाई होती. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव चिमणी ठेवलं. घरी लहान मुलगी, नवऱ्याचं काम सुटलेलं. हा वर्ग हातचा गेला असता तर घर कसं चालवायचं, हा प्रश्न होता. ते तिने मावशीला सांगूनही टाकलं होतं.

मावशीला ती मुळीच आवडली नाही. "इतकं घाबरट माणूस दिसलं की माझं डोकं फिरतं," असं मावशी मला स्वतः म्हणाली.

आता मावशीचा सगळ्यात मोठा नियम ऐका. वर्गात प्रश्न विचारला की गप्प राहायचं. कुणी उत्तर देईपर्यंत. शांतता कितीही खायला उठली तरी आपण तोंड उघडायचं नाही. जो आधी बोलला तो हरला.

चिमणीला नेमकं तेच जमेना.

तिचा विषय शरीरशास्त्र. सराव तासाला ती उभी राहिली आणि म्हणाली, "माणूस गाढ झोपतो तेव्हा शरीरात काय काय चालू राहतं? कोण सांगेल?"

कुणी बोललं नाही. तशी मावशीनेच सगळ्यांना ताकीद दिली होती.

चिमणीने ओढणीचं टोक पिळलं. आणि घाईघाईने म्हणाली, "श्वास चालू राहतो, हृदय चालू राहतं..."

"थांबा," मावशी मागून कडाडली. "तुम्हीच विचारता, तुम्हीच सांगता. मग मुलं कशाला हवीत?"

लोक हसले. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तर मावशी आणखीच चिडली.

"सुट्टीत सगळे जेवायला जातील. तुम्ही इथेच थांबा. रिकाम्या खुर्च्यांना हाच प्रश्न विचारा आणि गप्प उभ्या राहा. शांततेची भीती जाईपर्यंत. मी दाराबाहेर आहे."

"मॅडम, एकटीने?"

"खुर्च्या चावत नाहीत."

सगळे गेले. मावशीने दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिली. आतून बारीक आवाज आला. "माणूस गाढ झोपतो तेव्हा शरीरात काय काय चालू राहतं? कोण सांगेल?"

मग शांतता...

कॉरिडॉरच्या टोकाला डब्यांचा, गप्पांचा गलका चालू होता. मावशी म्हणते, तो कधी बंद पडला ते तिला कळलंच नाही. एकदम जाणवलं की काहीच ऐकू येत नाहीये. पंख्याची घरघरसुद्धा नाही.

आणि मग आतून...

खट.

एवढाच आवाज. मग पुन्हा तसाच. खट.

"हं, बोल," चिमणी म्हणाली. "अगदी मागे आहेस तू. जरा मोठ्याने बोल."

मावशीला वाटलं, बाई नाटक चांगलं करते. तिला जरा बरंही वाटलं.

"नाही रे, श्वास कसा थांबेल? झोपेत श्वास चालूच राहतो."

थोडा वेळ काहीच नाही.

"तुझा थांबला होता?"

मावशीने दार ढकललं.

चिमणी फळ्यापुढे उभी होती. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. ती मागच्या रांगेकडे बघत होती, कौतुकाने, जशी एखादी चांगली शिक्षिका बघते.

हॉलमध्ये कुणी नव्हतं.

पण मागच्या रांगेतल्या खुर्च्यांच्या बैठका खाली होत्या. सगळ्या. कुणी बसल्यावर राहतात तशा, दाबलेल्या. आणि मावशीच्या डोळ्यांदेखत पुढची रांग एकेक करून खाली जायला लागली...

खट. खट. खट.

ती रांग भरली. मग तिच्या पुढची.

मावशीची पाचावर धारण बसली. तरी ती धावत पुढे गेली आणि तिने चिमणीचं मनगट पकडलं. मनगट बर्फासारखं गार होतं.

"अगं, चल इथून."

चिमणी हलेना. ढकललं तरी हलेना. पहिली रांग खाली आली. इतक्या जवळ की मावशीला समोरून कुणाचातरी थंड श्वास लागला. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता, आणि प्रेमाने बघत नव्हता. ती म्हणते, "आयुष्यात पुष्कळ वांड वर्ग पाहिले. पण इतका द्वेष मी कुठेच पाहिला नाही."

आणि इथे मावशी चुकली. आयुष्यभर वर्गावर उभं राहिलेलं माणूसच करेल अशी चूक. भीतीने डोकं बंद पडलं आणि जीभ सवयीने चालली. तास संपवताना ती नेहमी जे म्हणायची, तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"चला, आज इथेच थांबू. कुणाला काही शंका?"

शांतता...

मग मागून आवाज आला. मुलगा का मुलगी, कळलं नाही. आवाज अगदी साधा, अदबीचा.

"आमचा पुढचा तास कोण घेणार?"

मावशीला आतून कुठूनतरी समजलं की याचं उत्तर द्यायचं नाही. काही झालं तरी नाही. गप्प राहणं तर तिचा हातखंडा. तिने दात आवळले. चिमणीचं मनगट घट्ट धरलं. शांतता अंगावर चढत गेली, कानात दडे बसले, तरी ती बोलली नाही.

पण चिमणीला शांतता कुठे सोसायची?

"मी घेईन ना," चिमणी म्हणाली.

सगळ्या खुर्च्या एकदम वर गेल्या. त्या दणक्याने मावशी खालीच बसली. पुढच्या क्षणी पंखा घरघरत होता, आणि बाहेर कुणीतरी डबा विसळत होतं.

चिमणीने तिला हात देऊन उठवलं. "मॅडम, तुम्हाला चक्कर आली का?" तिला काही आठवत नव्हतं. किंवा ती तसं म्हणाली.

सुट्टी संपल्यावर तिने पुन्हा सराव तास घेतला. प्रश्न विचारला आणि थांबली. शांत, स्थिर. लोकच चुळबुळायला लागले, ती नाही. शेवटी कुणीतरी न राहवून उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. मावशीला 'तयार' म्हणण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होती?

चिमणीला वर्ग मिळाला. सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. मग मुलं तक्रार करू लागली. मॅडम येतात, एक प्रश्न विचारतात आणि मागच्या भिंतीकडे बघत उभ्या राहतात. पूर्ण तास. पुढच्या बाकावर कुणी हात वर केला तरी त्यांना दिसत नाही.

आणि एक दिवस ती वर्गावर गेलीच नाही. पर्स स्टाफरूममध्ये, फोन चार्जिंगला लावलेला. संध्याकाळी नवरा मुलीला कडेवर घेऊन शोधत आला. सगळी इमारत पालथी घातली. मागच्या हॉलला बाहेरून कुलूप होतं, तेही उघडून पाहिलं.

फळ्यापुढे तिच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

ती आजतागायत सापडलेली नाही.

मावशीने विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फाइल ओढली. "अर्धवेळवाले असेच असतात हो," ते म्हणाले. "मध्येच सोडून जातात."

मावशीने नोकरी सोडली. सोडण्याआधी एकदा जेवणाच्या सुट्टीत ती त्या बंद दाराशी जाऊन उभी राहिली. माफी मागायची होती, म्हणाली. गलका थांबला. पंखे थांबले. आणि आतून तो बारीक आवाज आला, अजिबात न घाबरलेला...

"पुढचा तास कोण घेणार?"

मावशी बोलली नाही. आतूनही पुन्हा काही आलं नाही. तिथून निघेपर्यंत दाराच्या दोन्ही बाजूंना दोघी गप्प उभ्या होत्या.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? आले निघून. ती अजून उत्तराची वाट बघत असेल." मावशीने पदराने तोंड पुसलं. "तिला थांबायला मीच शिकवलं."

हल्ली मावशीला घरात कुणी गप्प बसलेलं चालत नाही. चहा कोण घेणार, असं ती विचारते आणि श्वासही न घेता स्वतःच सांगते, मी घेते, मी घेते. आम्ही आधी हसायचो. आता हसत नाही.

यंदा मलाही त्याच विद्यापीठात अर्धवेळ वर्ग मिळतोय. मावशीला अजून सांगितलेलं नाही. नव्या लोकांचं प्रशिक्षण कुठे आहे ते काल कळवलं त्यांनी.

मागच्या हॉलमध्ये.