विचारलंस म्हणून सांगते

"काय मामा, कसं काय चाललंय?" म्हणे! अरे शहाण्या, सकाळपासून याच घरात आहेस ना माझ्याबरोबर? नोकरी लागून आठवडा नाही झाला, ट्रेनिंगमध्ये कोणीतरी शिकवलं की आधी समोरच्याच्या घरचं विचारायचं आणि मग कामाचं बोलायचं. आणि तालीम कोणावर, तर मामावर! बस खाली. तूही बस गं. एक माणूस होता माझ्या ओळखीचा, त्याचं काय झालं ते ऐका, आणि मग खुशाल विचारत सुटा.

माझं औषधाचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. खाली माझं दुकान, पहिल्या मजल्यावर दवाखाना, त्याच्यावर डॉक्टरांचं घर. तिथे औषध कंपनीचा एक माणूस महिन्यातून एकदा यायचा. सगळे त्याला साखऱ्या म्हणायचे, इतकं गोड बोलणं. खिशात एक वही. कोणत्या डॉक्टरची मुलगी कितवीत, कोणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन झालं, सगळं टिपलेलं. जिन्यात उभं राहून वाचायचं आणि आत जाऊन विचारायचं. उत्तर कोण ऐकतंय! डॉक्टरांनी तोंड उघडेपर्यंत याची बॅग उघडलेली. समोरचा काहीही सांगो, याचं ठरलेलं, "वा, छान छान!" लोक म्हणायचे, किती आपुलकीचा माणूस. माझ्या तर त्याला बघूनच तळपायाची आग मस्तकात जायची.

मंगळवार होता, तेरा जानेवारी. रात्रीचे पावणेनऊ. साखऱ्या दुकानात डोकावला, तोंड एवढंसं झालेलं. कंपनी माणसं कमी करत होती. वरच्या डॉक्टरांच्या शब्दावर मोठ्या हॉस्पिटलची औषधं ठरायची. त्यांच्या सहीचं पत्र सकाळपर्यंत नेलं नाही, तर याची नोकरी गेली. घरी बायकोला सातवा महिना. म्हटलं, जा बाबा लवकर, शेवटचा पेशंट आत गेलाय. तर जिन्याकडे वळता वळता मला म्हणतो, "बाकी काय, मुलं मजेत ना?" अकरा वर्षांची ओळख. मला मूलबाळ नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं. वर वेटिंग रूम जवळजवळ रिकामी. कडेच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. अंगावर घरातली शाल, पाय अनवाणी. साखऱ्या तिच्या शेजारी टेकला आणि वही उघडली. डॉक्टरांच्या पानावर लिहिलं होतं, "आई. गुडघा." सवयीची जीभ ती, सुटलीच.

"काय आजी, थंडी फार पडलीय, नाही? तब्येत बरी ना?" नजर वहीतच.

"विचारलंस म्हणून सांगते," म्हातारी म्हणाली.

आणि सांगायला लागली. गुडघा कधी धरला, मग कंबर कशी गेली, जिना उतरणं कसं बंद झालं. घाई नाही, गडबड नाही. याचं आपलं मनातल्या मनात पत्राचं घोकणं चाललेलं. मध्येच म्हणाला, "वा, छान छान!"

ती थांबली.

"छान?"

साखऱ्याने मान वर केली. थंडीने त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या तोंडातून... नाही. शालही हलत नव्हती. छातीवरची.

"तोंड इकडे कर. नीट ऐक."

तो उठायला गेला. पाय उचलेनात. आतून येणारा डॉक्टरांचा आवाज... तोही नाही.

"दर महिन्याला विचारायचास. मी वर पडल्या पडल्या ऐकायचे. वाटायचं, कोणीतरी आहे आपलं विचारणारं." मग हळूच, "त्या शेवटच्या संध्याकाळी पाणी मागितलं. तीनदा. खाली तू त्याला विचारत होतास, आई कशा आहेत. तो म्हणाला, बरी आहे. तू म्हणालास..."

साखऱ्याने वही मिटली.

"माझं झालं. आता तू सांग. कसा आहेस?"

"म... मजेत."

"खरं सांग."

"भीती वाटते," साखऱ्या म्हणाला.

"हं. सांग."

दार उघडलं. शेवटचा पेशंट जिना उतरून गेला. दारात डॉक्टर.

"कोणाशी बोलताय?"

शेजारची खुर्ची रिकामी.

"तुमच्या... आईंशी."

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला. "आई नोव्हेंबरात गेली. डिसेंबरात तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

त्याला आठवत नव्हतं. पण काय म्हणाला असेल, ते त्यालाही कळलं. तुम्हालाही मी सांगायला नको.

"आणि... काय म्हणाली ती?" डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं.

इथे तरी खोटं बोलावं की नाही? मेल्याने जन्मभर तेच केलं होतं. पण जिभेवर दुसरं काही येईना. म्हणाला, "त्या संध्याकाळी तीनदा पाणी मागितलं म्हणाल्या. वरून."

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. आतून कडी घातली.

पत्र बॅगेत राहिलं, नोकरी गेली. आयुष्यात एकदाच कोणाचं नीट ऐकून घेतलं, आणि तेच नडलं. मला वाईट वाटलं का? त्याच्या बायकोसाठी वाटलं. त्याच्यासाठी नाही, आणि डॉक्टरांसाठी तर मुळीच नाही.

कंपाउंडर रजेवर होता, म्हणून दिवे बंद करायला मीच वर गेलो. तिथल्या खुर्च्या बस स्टँडवर असतात तशा. चार खुर्च्या एका लोखंडी पट्टीवर वेल्ड केलेल्या, सगळ्या भिंतीला पाठ लावून.

कडेच्या दोन खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून होत्या. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

मी वाकून बघितलं. हात फिरवून बघितला. पट्टी सरळ. वेल्डिंग शाबूत. रंगाला ओरखडासुद्धा नाही.