समुद्राच्या वाटेत जीप

"ज्यानं कुडपणच्या घाटात गाडी चढवली, त्याला समुद्र काय शिकवणार?" श्रीवर्धनच्या वाळूत जीप थेट पाण्याच्या दिशेने उतरवत किशोरकाकाने जाहीर केलं. समुद्र कुठे आहे हे त्याने एकाच पानवाल्याला तीनदा विचारलं होतं. देवश्रीने ते मोजलं होतं. तेरा वर्षांच्या माणसाने मोठ्यांना सुधारायचं तरी किती?

काकाने ओल्या, घट्ट वाळूवर जीप थांबवली. "बघ, डांबरी रस्ता हाय नुसता." मग भाकरी आणि कोंबडीचा रस्सा पोटात गेला आणि गोमाजी आजोबा सोडून कुडपणची बाकी अकरा मोठी माणसं सुरूच्या सावलीत आडवी झाली.

तासाभराने तिचा धाकटा भाऊ सुशांत लंगडी घालत आला. "ताई, माझी चप्पल चोरली."

"दोन्ही?"

"एकच. वाळूच्या किल्ल्यावर ठेवली होती."

"म्हणजे चोर एका पायाचा," सुट्टीला मुंबईहून आलेली चुलतबहीण सेजल म्हणाली. "सिंपल केस आहे."

तिघं जागेवर गेली. वाळूत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. इतकंच काय, सुशांतचा किल्लाही नव्हता.

"किल्ला पण नेला?" सुशांत हबकला.

देवश्रीने मागे पाहिलं. जीपच्या बरीच वर, वाळूवर वाळलेल्या शेवाळाची आणि नारळाच्या सोडणांची लांबच लांब रेघ पडली होती. कोळ्यांच्या होड्या सगळ्या त्या रेघेच्या पलीकडे.

"चोर रोज तिथपर्यंत येतो," ती सावकाश म्हणाली, "आणि आपली जीप त्याच्या वाटेत उभी आहे." भूगोलाच्या पेपरात भरती-ओहोटीला तिला पाचपैकी पाच मिळाले होते. त्यातली एकही ओळ सकाळपासून आठवू नये, याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

ही जीप गेली तर कुडपणच्या पोरांना पोलादपूरच्या शाळेत नेणारं दुसरं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गाडी नव्हती, तेव्हा गावातल्या अक्षदाताईची शाळा सुटली ती सुटलीच.

"म्हणजे जीप गेली तर शाळा बंद? मग एवढी घाई नको करायला," सुशांत म्हणाला. देवश्रीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. "मस्करी केली गो."

तिने काकाला गदागदा हलवलं. "काका, पाणी येतंय."

"समुद्रात पाणीच असतं."

"गाडीकडे येतंय."

"आल्यापासून मी बघतोय, मागंच जातंय ते. खेळ जा." काकाने कूस बदलली.

तिघांनी जीप ढकलून पाहिली. चाकं आणखी रुतली.

"जोरात ओरडूया," सेजल म्हणाली.

"उपयोग नाय. आपल्या माणसांना ओरडण्याची सवय आहे," देवश्री म्हणाली आणि एकदम थांबली. झोपलेलं कुडपण उठवणारी एकच गोष्ट होती: गाऱ्हाणं. गोमाजी आजोबांनी देवाला साकडं घालायला सुरुवात केली की असेल तिथून उठून, हात जोडून मागे उभं राहायचं. तेव्हा आडवं राहायची कुणाची छाती नव्हती.

एकटे आजोबाच जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं, पाण्याकडे पाहिलं आणि जीपमागे जाऊन उभे राहिले.

"बा समुद्रदेवा म्हाराजा..."

अकरा माणसं झोपेतच उठून आली. "व्हय म्हाराजा."

"कुडपणची लेकरं आज तुझ्या दारात आली हायत..."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या किशोरनं तुझ्या अंथरुणात गाडी लावली हाय..."

"व्हय म्हा..." काकाचे डोळे उघडले. पाणी त्याच्या घोट्याला लागलं होतं.

"आता हात सोडा आणि गाडीला लावा," देवश्रीने फर्मावलं. सेजल आणि सुशांतने चाकांखाली चटया कोंबल्या. काका स्टिअरिंगवर बसला. आजोबांनी गाऱ्हाणं लांबवलं आणि प्रत्येक 'व्हय म्हाराजा'ला एक रेटा बसू लागला. "किशोरला थोडी अक्कल दे" याला सगळ्यात मोठा बसला. जीप हिसका देऊन सुटली, शेवाळाच्या रेघेपलीकडे जाऊन थांबली. मागे चाकांच्या खड्ड्यांत लाट भरली.

आजोबांनी देवश्रीच्या डोक्यावर हात ठेवला. शाळा समितीवरच्या विनोदिनीकाकूंनी तिघांचा शाळेत सत्कार जाहीर केला. काकाने तर जीपच्या पायरीवर उभं राहून भाषणच ठोकलं: कुडपणची लेकरं, कुडपणची बुद्धी, कुडपणचं नाव.

डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेतलेली एक कोळीण शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होती.

"झालं भाषण, भाऊ?"

"झालं."

"मग गाडी जरा मागं घ्या. चाकांखाली माझा जवळा सुकतोय."